‘शाप’ नावाची लायब्ररी आणि ती सांभाळणारा एक माणूस

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. विषय संगणकाचा आहे. पण संगणकातलं काही कळत नसलं तरी वाचा, कारण गोष्ट फिरून आपल्या गावातल्या संस्थांच्या पैशावर आणि आपल्या लिपीवर येते.

काळा पडदा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, जुन्या सहकारी बँकेत, एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा हिरवी अक्षरं, चौकटी आखलेल्या, माउसचा पत्ता नाही. समोरचा क्लार्क न बघता बटणं दाबत जातो आणि तुमची पावती बाहेर येते. हल्ली हा पडदा दिसला की लोक म्हणतात, ‘काय हे, अजून डॉसच्या जमान्यात!’ खरं तर त्यातले कित्येक पडदे डॉसचे नसतातच, युनिक्सचे किंवा लिनक्सचे असतात. आणि लिनक्सवर असे पडदे चालवणारी जी मूळ यंत्रणा आहे ती आज, या क्षणी, जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर बसलेली आहे. तिचं नाव कर्सेस. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘शाप’. कर्सर या शब्दावरून केलेली ही कोटी आहे.

आधी थोडं मागं जाऊ. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना टेलिप्रिंटर आठवत असेल. वृत्तसंस्थेची बातमी खडखड करत कागदावर उतरायची. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली, तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन म्हणजे असंच यंत्र होतं. टेलिटाइप मॉडेल ३३, सेकंदाला दहा अक्षरं. तुम्ही टाइप करायचं, संगणकाने कागदावर उत्तर छापायचं. छापलेली ओळ पुसता येत नाही, त्यामुळे ‘पडद्याच्या मधोमध चौकट काढा’ हा प्रश्नच नव्हता. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, ते या टेलिटाइपचं उरलेलं नाव.

सत्तरच्या दशकात कागदाच्या जागी काच आली. डेक कंपनीचं व्हीटी ५२ आलं १९७५ मध्ये, पाठोपाठ लिअर सिग्लर कंपनीचं एडीएम-३ए, १९७८ मध्ये व्हीटी १००. चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी खण. आता कर्सर हवा तिथे नेता येत होता. पण गोम अशी की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कर्सर दहाव्या ओळीत वीसाव्या खणात न्यायचा, तर एडीएमला एस्केपनंतर बरोबरचं चिन्ह पाठवायचं, व्हीटी ५२ ला एस्केपनंतर वाय अक्षर, व्हीटी १०० ला एस्केप, चौकोनी कंस, आकडे आणि शेवटी एच. हेझेलटाइन १५०० नावाच्या टर्मिनलने तर कमाल केली होती. त्याने टिल्ड हे चिन्हच हुकमासाठी वापरलं, त्यामुळे ते चिन्ह छापायची चोरी. एका कंपनीच्या टर्मिनलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर लावला की पडद्यावर कचरा.

यातून वाट काढली ती बर्कलीच्या विद्यापीठात, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात. हे ‘सरकारी’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथे बिल जॉय नावाचा विद्यार्थी व्हीआय नावाचं संपादक सॉफ्टवेअर लिहीत होता. त्याच्याकडे एडीएम-३ए होतं. त्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती, बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. म्हणून आजही जगभरचे प्रोग्रॅमर व्हीआयमध्ये कर्सर हलवायला हीच चार अक्षरं दाबतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका स्वस्त टर्मिनलची ही सवय. आपल्याकडे एखादा बसथांबा जुन्या थिएटरच्या नावाने ओळखला जातो, थिएटर पडून वीस वर्षं झाली तरी, तसंच हे.

जॉयने १९७८ मध्ये टर्मकॅप केलं. कल्पना साधी. सगळ्या टर्मिनलांची एक यादी एका फाइलमध्ये ठेवायची. कोणाला पडदा पुसायला काय पाठवायचं, कर्सर हलवायला काय पाठवायचं. प्रोग्रॅमने आपलं टर्मिनल कोणतं ते विचारायचं, यादीत बघायचं आणि तसं बोलायचं. तालुक्याला नवीन आलेल्या तहसीलदाराला जुना शिरस्तेदार सांगतो ना, ‘साहेब, या गावात पाटलांशी असं बोलायचं आणि त्या गावात तसं’, तोच प्रकार. नवीन टर्मिनल बाजारात आलं की यादीत चार ओळी वाढवायच्या, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आता दुसरी अडचण वेगाची. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. चोवीस गुणिले ऐंशी म्हणजे १९२० खण. एक पूर्ण पडदा रंगवायला चौसष्ट सेकंद! एक अक्षर बदललं म्हणून पुन्हा मिनिटभर थांबायचं तर कोण वापरणार? म्हणून व्हीआयमध्ये त्याने हिशेब घातला की पडद्यावर आत्ता काय आहे, नंतर काय हवंय, आणि कमीत कमी अक्षरं पाठवून एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं.

छापखान्यात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. प्रूफात एक चूक सापडली तर कंपोझिटर अख्खं पान सोडवत नाही. तेवढी ओळ उघडतो, खिळा बदलतो, पुन्हा आवळतो.

केन अर्नोल्ड या बर्कलीच्याच माणसाने हे कर्सर हलवण्याचं काम व्हीआयमधून वेगळं काढलं आणि त्याची लायब्ररी केली, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार भाग. हीच कर्सेस. ती पडद्याच्या दोन प्रती जवळ ठेवते, एक ‘आहे तो’ आणि एक ‘हवा तो’. तुम्ही दुसऱ्या प्रतीवर वाटेल तेवढं लिहा, खोडा, आणि शेवटी सांगा ‘आता दाखव’. मग ती फरक काढते आणि फक्त तेवढाच पाठवते. या लायब्ररीला खरी प्रसिद्धी मात्र एका खेळाने दिली. १९८० च्या सुमारास मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी रोग नावाचा खेळ केला. भुयारात हिंडणारा नायक म्हणजे एक ‘ॲट’चं चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. पुढे अर्नोल्डही त्यात आला. विद्यापीठांतल्या मशीनवर पोरं रात्र रात्र हा खेळ खेळायची. गंभीर कामाची साधनं अनेकदा खेळापायी पसरतात, हा माझा आपला अंदाज. मोबाइलचंही तेच झालं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता राजकारण.

युनिक्स मुळात एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं. ती अमेरिकेतली मक्तेदार कंपनी होती, आणि १९५६ मध्ये सरकारने खटल्याच्या तडजोडीत तिला बांधून घातलं होतं की टेलिफोनच्या धंद्याबाहेर पाय टाकायचा नाही. म्हणून सॉफ्टवेअर बाजारात विकणं तिला जमत नव्हतं, आणि विद्यापीठांना युनिक्स सोर्स कोडसकट नाममात्र किमतीत मिळालं. बर्कलीत जे घडलं ते या एका सरकारी बंधनामुळे आणि पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन निधीमुळे. ‘सरकारने हात लावला की वाटोळं’ असं म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. १९८४ मध्ये एटी अँड टीचे तुकडे झाले, कंपनी बंधनातून सुटली आणि युनिक्स विकाऊ माल झालं.

कर्सेसचंही तसंच झालं. मेरी ॲन हॉर्टन या बर्कलीत व्हीआय आणि कर्सेसवर काम केलेल्या प्रोग्रॅमर बेल लॅब्समध्ये गेल्या आणि त्यांनी टर्मकॅपच्या जागी टर्मइन्फो आणलं. ती मजकुराची लांबलचक यादी दरवेळी चाळायची त्याऐवजी प्रत्येक टर्मिनलची वेगळी, आधीच तयार करून ठेवलेली छोटी फाइल. जास्त वेगवान, जास्त गोष्टी सांगणारी. नवीन कर्सेस जुन्यापेक्षा सरस होती यात वाद नाही. पण ती एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये होती आणि तिचा सोर्स कुलपात होता.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. कर्मचारी संघटनांचा विरोध, मोर्चे, करार, हे सगळं त्या सुमाराचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दिल्लीत रेल्वे आरक्षण संगणकावर गेलं. ते युनिक्सवर नव्हतं, डेकच्या व्हॅक्स मशिनांवर होतं, पण खिडकीतला पडदा त्याच जातीचा. एचसीएल, विप्रो या कंपन्या युनिक्सची मशीन बनवत होत्या. एक मशीन आणि त्याला जोडलेली आठ-दहा टर्मिनलं ही मांडणी गरीब देशाला परवडणारी होती. म्हणजे काळ्या पडद्याशी आपलं नातं हौसेचं नव्हतं, हिशेबाचं होतं.

कुलपातल्या कर्सेसची चावी बनवायचं काम पॅव्हेल कर्टिस याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच हाती घेतलं होतं. त्याने टर्मइन्फोसह स्वतःची मोकळी कर्सेस लिहिली, पीकर्सेस. नंतर तो झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कामाला लागला. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सचं लिनक्स आलं आणि या नव्या घराला पडदा सांभाळणारा कोणीतरी हवा होता. झेद बेन-हलीम याने पीकर्सेस उचलून नीट केली आणि १९९३ मध्ये एनकर्सेस या नावाने सोडली. एन म्हणजे न्यू. मग एरिक रेमंड आला, यॉर्गन फायफर आला, त्याने फॉर्म आणि मेनूचे भाग लिहिले. आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून थॉमस डिकी.

आता परवान्याची भानगड. सुरुवातीच्या एनकर्सेसवर अशी सूचना होती की हे घ्या, वापरा, वाटा, पण विकू नका, यावर नफा कमवू नका. ऐकायला किती छान! आपल्याकडच्या कोणत्याही धर्मादाय संस्थेला आवडेल अशी अट. पण लिनक्सच्या सीडी तेव्हा पैसे घेऊनच विकल्या जायच्या. ज्या वस्तूवर अख्खी व्यवस्था उभी राहायची तीच विकता येत नसेल तर सीडी बनवणारा काय करणार? ‘मोफत’ आणि ‘मोकळं’ यात फरक आहे तो हा. १९९८ मध्ये प्रमुख लेखकांनी आपले हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे दिले आणि लायब्ररी अतिशय सैल परवान्याखाली आली. वापरा, बदला, विका, फक्त नावं पुसू नका. फाउंडेशनचा स्वतःचा आवडता परवाना याहून कडक आहे, तरी इथे त्यांनी सैल परवाना मान्य केला. मला तो व्यवहारी शहाणपणाचा निर्णय वाटतो. रस्त्यावर टोल नसला की गाड्या त्या रस्त्याने जातात.

आणि गेल्या. आज लिनक्सवर नॅनो उघडा, व्हिम उघडा, एचटॉप लावा, आवाज कमीजास्त करायचा अल्सामिक्सर उघडा, लिनक्सचं कर्नल तयार करताना निवडीचा मेनू उघडा, खाली एनकर्सेस. तिला भाऊबंदही आहेत. जॉन डेव्हिसने एस-लँग केलं, त्यावर रेड हॅटने आपल्या इन्स्टॉलरसाठी न्यूट बांधलं. निळ्या पडद्यावर करडी चौकट आणि मागे काळी सावली, ते न्यूट. डेबियनचा मजकुरी इन्स्टॉलरही त्याच्यावर. पण गावाचं मूळ वस्तीस्थान म्हणाल तर एनकर्सेसच.

आता गावातली गोष्ट. आपल्या भागातल्या एका संस्थेत (नाव घेत नाही) जुना सर्व्हर बदलून नवीन घेतला. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनंच, काळ्या पडद्याचं, लिनक्सवरचं. नवीन मशीनवर ते सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ, लिबटिन्फो क्रमांक ५ सापडत नाही. पुरवठादाराने सांगितलं, हे सॉफ्टवेअर आता मेलं, नवीन घ्या. कोटेशन लाखांत. संचालकांच्या बैठकीत विषय जवळजवळ मंजूर झाला होता.

संस्थेत कंत्राटी म्हणून लागलेला एक पोरगा होता, पॉलिटेक्निकचा. त्याने मला नंतर समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यात एक बोलीकरार असतो, कोणता डबा केवढा, कोणत्या खणात काय. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एनकर्सेसची सहावी आवृत्ती आली तेव्हा हा करार बदलला. जास्त रंगांच्या जोड्या हव्या होत्या, माउसचं चाक ओळखायला हवं होतं, म्हणून डब्यांचे आकार बदलले. करार क्रमांक ५ जाऊन ६ झाला. जुन्या प्रोग्रॅमला ५ हवा, नव्या लिनक्ससोबत फक्त ६ येतो. प्रोग्रॅम मेलेला नव्हता, त्याचा ओळखीचा माणूस बदलून गेला होता.

पोराने काय केलं? एनकर्सेसचा सोर्स उतरवला. तो कोणालाही मिळतो. बांधकामाच्या तीन पायऱ्या, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. कॉन्फिगर म्हणजे घर बांधण्याआधी प्लॉट बघणं. ही आज्ञा तुमचं मशीन तपासते, कंपायलर कोणता, काय आहे, काय नाही. तिथेच त्याने सांगितलं की करार क्रमांक ५ चा माल हवाय, सामायिक स्वरूपात हवाय, टर्मइन्फोचा भाग वेगळ्या फाइलमध्ये हवाय आणि त्याचं नाव टिन्फो हवंय. मेक म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम, पडद्यावर ओळींचा पाऊस. शहाणपण तिसऱ्या पायरीला होतं. तयार झालेली लायब्ररी त्याने सिस्टिमच्या मुख्य जागी टाकली नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि फक्त त्या एका प्रोग्रॅमला तिचा पत्ता दिला. मुख्य जागेतल्या एनकर्सेसशी खेळलात आणि चुकलात तर कमांड लिहायची खिडकीसुद्धा उघडणार नाही, हे घरी करून बघणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. आणि तुम्हाला नुसता नवीन प्रोग्रॅम बांधताना ‘कर्सेस डॉट एच सापडत नाही’ असं आलं तर एवढ्या उठाठेवीची गरज नाही. उबंटू-डेबियनवर लिबएनकर्सेस-डेव्ह आणि फेडोराच्या घराण्यात एनकर्सेस-डेव्हल नावाचं पॅकेज टाका, झालं. लायब्ररी असतेच, बांधकामाचा नकाशा तेवढा वेगळ्या पाकिटात येतो.

सॉफ्टवेअर सुरू झालं. दुपारच्या जेवणाआधी. कोटेशनची फाइल बाजूला पडली.

आता नीट समजून घ्या, जुनं ते सोनं असं माझं म्हणणं नाही. ते सॉफ्टवेअर कधीतरी बदलावंच लागेल. जुन्या क्रमांकाची लायब्ररी कायम चालवत राहणं सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही, आणि मुदत मिळाली म्हणून झोपायचं असंही नाही. प्रश्न असा की ‘मेलं’ हा दाखला कोण देतो? ज्याला नवीन विकायचंय तो. संस्थेकडे त्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा सोर्स नाही, करारात तसं कलमच नव्हतं. खालची लायब्ररी मोकळी होती म्हणून निदान तेवढं वाचलं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण काढलं, पण ते आपल्या पतसंस्थेला, बाजार समितीला बांधून घालत नाही. सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाचा टक्का विचारावा, जरूर विचारावा, पण सोबत एवढंही विचारावं की सॉफ्टवेअरच्या करारात सोर्स कोणाच्या ताब्यात आहे. मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच सभांना बातमीसाठी बसलोय. हा प्रश्न एकदाही ऐकला नाही.

आता त्या एका माणसाकडे येऊ. थॉमस डिकी हे एनकर्सेस गेली पंचवीसपेक्षा जास्त वर्षं सांभाळतायत. एक्सटर्म हे टर्मिनल, लिंक्स हा मजकुरी ब्राउझर, डायलॉग हे चौकटी दाखवणारं साधन, हेही त्यांच्याकडेच. १९९८ च्या करारानुसार हक्कही नंतर फाउंडेशनकडून त्यांच्याकडे परत आले. आज सोर्सच्या फाइली उघडल्या तर वरच त्यांचं नाव दिसतं, त्याखाली २०१७ पर्यंत फाउंडेशनचं. बदल लहान लहान पॅचच्या स्वरूपात येत राहतात, प्रत्येकावर तारीख. गाजावाजा नाही, परिषदा नाहीत.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पथकाला एनकर्सेसमध्ये मेमरीच्या चुका सापडल्या. टर्मिनलची माहिती देणारी फाइल कोणी मुद्दाम बिघडवून ठेवली आणि जास्त अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमने ती वाचली, तर त्या प्रोग्रॅमचा ताबा घेता येण्याची शक्यता होती. लिनक्सच नाही, ॲपलचे मॅकही त्या यादीत होते. दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलच्या पॅचमध्ये आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक चूक शोधते, दुसरी तशीच श्रीमंत कंपनी त्या लायब्ररीवर बसलेली असते आणि दुरुस्त्या ज्याच्या हातून बाहेर पडतात तो एक माणूस, हे चित्र मला तरी विचित्र वाटतं.

याचा दुसरा टोकाचा नमुना २०२४ च्या मार्चमध्ये दिसला. एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. तिथेही सांभाळणारा एकटा, थकलेला. मदतीला आलेल्या एका ‘स्वयंसेवका’ने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मग घात केला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरच्या ते लक्षात आलं, नाहीतर ते सगळीकडे पोचलं असतं. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी ठेवलाय. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो खाजगी. पाणीपुरवठ्याच्या मुख्य व्हॉल्व्हची किल्ली एकाच माणसाकडे असणं म्हणजे काय, हे आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शेवटचा भाग लिपीचा, आणि मला स्वतःला यातच सर्वांत जास्त रस आहे.

कर्सेसचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, एक अक्षर म्हणजे एक खण. इंग्रजीला ते फिट्ट बसतं. मराठीला बसत नाही. हे दुखणं संगणकाने आणलेलं नाही. छापखान्यातही इंग्रजीला थोडे खिळे पुरायचे आणि देवनागरीला शेकडो लागायचे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली, सावरकरांनी अि, अु, अे अशी बाराखडी सुचवली, ती याच अडचणीपोटी. यंत्राला लिपी बसत नसेल तर लिपी छाटा, की लिपीसाठी यंत्र बदला, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे.

संगणकात यंत्र बदलायचा मान भारतीयांचा. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची, युनिक्सला जोडायची जिस्ट टर्मिनलंही होती. संकेतांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं, त्याचं १९९१ चं रूप भारतीय मानक १३१९४. इंग्रजीचे जुने क्रमांक जागेवर ठेवून वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रमवारी. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच. अक्षर जोडायचं काम जिस्टमध्ये टर्मिनलच्या आतलं यंत्र करायचं, प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसायचा.

मग युनिकोड आलं, स्वस्त पीसी आले, जिस्टची टर्मिनलं अडगळीत गेली, आणि काळ्या पडद्यावरची मराठी मागे पडली. एनकर्सेसने मोठ्या अक्षरसंचांसाठी वेगळी बांधणी केली, ती आता सगळीकडे तीच असते. तिच्यात एका खणात नेहमीच्या बांधणीत पाच संकेत मावतात, एक मूळ अक्षर आणि त्यावर चढणारी चार चिन्हं. युरोपातल्या अक्षरांवरच्या टिकल्यांना हे पुरेसं आहे. आता ‘स्त्री’ घ्या. स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. सहा संकेत, त्यात तीन व्यंजनं. लायब्ररी म्हणते निदान तीन खण लागतील. अक्षर जोडून काढणारा फॉन्ट म्हणतो मला इतकी जागा नको. ‘कि’ मध्ये वेलांटी साठवली जाते क नंतर आणि काढायची त्याच्या आधी. प्रोग्रॅम एक मोजतो, टर्मिनल दुसरंच, आणि उजवीकडची चौकटीची रेघ वाकडी होते. खातेदाराचं नाव जितकं जोडाक्षरी, तितकी रेघ वाकडी. एमएलटर्मसारखी काही टर्मिनलं यावर मेहनत घेतात, पण ती तुमच्या ऑफिसात कोणी बसवत नाही.

डेबियनच्या लोकांनी यावर सरळ उपाय केला. २००७ मध्ये चौथ्या आवृत्तीत त्यांनी चित्रमय इन्स्टॉलर आणला, आणि हिंदीसारख्या भाषा त्यातच दिल्या, मजकुरी इन्स्टॉलरमध्ये नाहीत. नंतर आलेली मराठीही तशीच. म्हणजे काळ्या पडद्यावर मराठीला प्रवेश नाही, तिने शेजारच्या दाराने यावं. त्यांचा दोष नाही, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिकोडची १५.१ आवृत्ती आली. तिच्यात एक नियम वाढला, हलंताने जोडलेली व्यंजनं मध्ये तोडायची नाहीत, ते एकच अक्षर धरायचं. देवनागरी, गुजराती, बंगाली, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम यांना तो लागू होतो. त्याआधी प्रमाण नियमाने ‘स्त्री’चे तीन तुकडे होत होते, आता ती एक आहे. पण हे एक अक्षर काळ्या पडद्यावर किती खण घेणार, एक, दोन की तीन, ते हा नियम सांगत नाही. टर्मिनल बनवणारे वेगवेगळे लोक वेगवेगळी उत्तरं देतात, आणि एनकर्सेस अजूनही एकेक व्यंजन एकेका खणात ठेवते.